भावपूर्ण निरोप

पहिलं पिठलं सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ आलं.

दार आमोदनेच उघडलं. समोर बी विंगमधल्या दीपमालाबाई. पांढरी साडी, हातात झाकलेलं पातेलं आणि डोळ्यांना लावलेला पदर. पदरामुळे त्यांना आमोद दिसला नाही, नुसते त्याचे हात दिसले. त्या हातांत पातेलं देऊन त्या म्हणाल्या, "आईला बळेच दोन घास भरव बाळा. रडत नसेल तर रडव तिला," आणि जिना उतरून गेल्यासुद्धा.

"कोण होतं रे?" सुनीतीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"दीपमालाकाकू. पिठलं-भात दिलाय. आणि तुला रडवायला सांगितलंय."

सुनीतीला वाटलं, गॅसचं बाहेर कळलं. सिलिंडर संपून आठवडा झाला होता आणि नवा कधी येणार म्हणून विचारलं की एजन्सीवाला म्हणायचा, "तारोआचं काय होतंय बघू." तारोआ ही समुद्रात कुठेतरी असलेली बेटं. महिन्यापूर्वी हा शब्द बिबवेवाडीत कुणी ऐकला नव्हता. मग तारोआवाल्यांनी आपली दोन गॅसची जहाजं धरून ठेवली, त्याच सुमाराला कांदा महागला (त्याचा तारोआशी काही संबंध नव्हता, त्याने नुसती संधी साधली), निवडणुका तोंडावर आल्या, आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर एक प्रवक्ता येऊन सांगू लागला, की लष्करी कारवाईसह सर्व पर्याय खुले आहेत. सुनीतीच्या ओट्यावर मात्र एकच पर्याय होता, विजेची शेगडी, आणि तिच्यावर आमटीला उकळी येईपर्यंत माणसाची भूक मरून जायची.

"म्हणून काय पातेलं भरून पिठलं?" ती पुटपुटली. "आम्ही काय उपाशी मरतोय?"

दुसरं पिठलं घेऊन आलेल्या बाईंनी दारातच सुनीतीला मिठी मारली. "धीर धरा हो."

"धरलाय की. पुढच्या आठवड्यात नक्की येईल म्हणतात."

"कोण येईल?"

"सिलिंडर."

त्या बाई दोन पावलं मागे सरल्या, सुनीतीकडे पाहत राहिल्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या. तिसरं पिठलं कुणीतरी बेल वाजवून उंबऱ्यातच ठेवून गेलं.

ओट्यावर तीन पातेली ओळीने लागली तेव्हा सुनीतीचा हात थांबला. तिचे सासरे आप्पा गेले त्या दिवशी अशीच पातेली आली होती. ज्या घरात चूल पेटवायची नसते त्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं? तिने स्वतः आजवर किती घरी नेऊन दिला होता. तिने मागे वळून पाहिलं. आमोद पातेल्यात बोट घालून चाटत होता.

"दीपमालाकाकूंचं झकास झालंय. लसूण आहे."

"ठेव ते खाली," सुनीती म्हणाली. तिचा आवाज असा निघाला की सत्तावीस वर्षांच्या नौदल अधिकाऱ्याने बोट तोंडातून काढून विजारीला पुसलं.

आमोदची रजा परवा फोनवर रद्द झाली होती. संध्याकाळी त्याला निघायचं होतं. त्या फोनपासून सुनीती घरात जपून चालत होती, काही पडू नये, फुटू नये, कुणी शिंकू नये. आणि आता ही तीन पातेली. तिला इतकी भीती वाटली की तिने आधी झाकणं घट्ट लावून टाकली.

तेवढ्यात तळमजल्यावरून सलोनी धावत वर आली. रामदासची, म्हणजे सुनीतीच्या धाकट्या दिराची मुलगी. "मोठी काकू, प्लीज पॅनिक होऊ नकोस हं. दादा ओके आहे ना? म्हणजे ऑब्व्हियसली ओके आहे, समोरच उभाय. पण हे बघ." तिने फोन पुढे केला.

फोनमध्ये सोसायटीच्या गेटवर लावलेला फ्लेक्स होता. मधोमध आमोदचा गणवेशातला फोटो, कृष्णधवल. बाजूला तेवती समई. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आम्हां सर्वांना सोडून दूर निघालेल्या आमोद चिरमुले यास भावपूर्ण निरोप.' त्याखाली लाल रंगात: 'आता कारवाई झालीच पाहिजे.' आणि कोपऱ्यात हात जोडलेला रामदास, 'इच्छुक उमेदवार'.

आमोदने दोनदा वाचलं. "आई, मी गेलो की काय?"

"गप्प बस."

*

या मजकुराची कथा अशी, की तो रामदासचा नव्हता. रामदासने आदल्या दिवशी लिहून आणलं होतं, 'देशरक्षणासाठी निघालेल्या आमच्या आमोदला हार्दिक शुभेच्छा'. सरळ, साधं, चारचौघांसारखं. पण चिरमुल्यांच्या घरातून कुठलाही कागद आमोदच्या वडिलांच्या, श्यामसुंदररावांच्या, लाल पेनाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले श्यामसुंदरराव रोजचं वर्तमानपत्रसुद्धा तपासून रद्दीत टाकत.

"हार्दिक हा शब्द आता मेला," त्यांनी निकाल दिला होता. "आणि शुभेच्छा वाढदिवसाला देतात. निघालेल्या माणसाला निरोप देतात. कसा देतात? भाव भरून देतात. लिही."

"दादा, नक्की ना?" रामदासने विचारलं होतं.

"तू मला मराठी शिकवणार?"

हेच श्यामसुंदरराव, ज्यांच्या घरात निघताना 'येतो' म्हणायला बंदी होती. सगळं पुणं घरातून बाहेर पडताना 'येतो' म्हणतं. जातो म्हणू नये, अशुभ असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण श्यामसुंदररावांचं म्हणणं, जो जातोय त्याने 'येतो' म्हणणं हा क्रियापदाचा खून आहे. आमोदला त्यांनी बालवाडीपासून 'जातो' म्हणायला लावलं. सुनीतीच्या आईने नातू दारातून 'आज्जी, जातो' म्हणाला तेव्हा मोठ्याने रामराम म्हटलं होतं, आणि नंतर कितीतरी दिवस जावयाशी बोलणं टाकलं होतं.

आता ते हॉलमध्ये खुर्चीत बसून फोनवरचा फ्लेक्स वाचत होते. खरं तर ते फ्लेक्स वाचत नसत. पुण्यातल्या फ्लेक्सवरचं शुद्धलेखन पाहून त्यांचा रक्तदाब वाढायचा, म्हणून डॉक्टरांनीच रस्त्याने खाली बघून चालायला सांगितलं होतं. त्यामुळे गेल्या पंधरा वर्षांत पुणेकर कुठल्या शब्दाने कुणाला पोचवतात याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"एकही चूक नाही," ते समाधानाने म्हणाले. "'आम्हां'वर अनुस्वारसुद्धा दिलाय." मग त्यांचे डोळे बाजूला सरकले. "ही समई कुणी घातली?"

"मी, सर," दारातून आवाज आला.

शाहिद उभा होता. चौकात फ्लेक्सचं दुकान चालवणारा, श्यामसुंदररावांचा जुना विद्यार्थी. हातात शेवंतीचा हार. डोळे सुजलेले. त्याने श्यामसुंदररावांच्या पायांना हात लावला, वर पाहिलं, आणि त्याला सोफ्याच्या हातावर बसलेला आमोद दिसला. शाहिद होता तिथेच फरशीवर बसला.

"पाणी आण," सुनीती सलोनीला म्हणाली.

"सर," शाहिद फरशीवरूनच म्हणाला. "मी काल रडत रडत छापलं हो. तुमचा मजकूर वाचला आणि हातपाय गळाले. तुम्ही रंगीत फोटो दिला होता, म्हटलं सरांना या वेळी काय सुचणार, मीच ब्लॅक अँड व्हाइट केला. समई माझ्याकडून घातली."

"अरे पण मला फोन करून विचारायचंस."

"केला होता सर. तुम्ही म्हणालात, मजकुरातला एक काना इकडचा तिकडे करायचा नाही."

"मजकुरातला म्हणालो. चित्राबद्दल मी बोललो नव्हतो."

शाहिदने हार कुठे ठेवावा ते न कळून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "माझी बायको जिनत सकाळपासून याच्यासाठी दुआ मागतेय. आता तिला सांगतो, थांब म्हणून."

"थांबवू नकोस," सुनीती चटकन म्हणाली. "चालू राहू दे. सांग तिला, काकूंनी सांगितलंय."

*

रामदास वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. त्याच्यामागून त्याची बायको कल्याणी आली. ती बिबवेवाडीत पोळीभाजी केंद्र चालवायची. गॅसअभावी केंद्राला कुलूप होतं आणि तिच्या तोंडालाही जवळजवळ तसंच. मोठ्या जावेशी तर ती दिवाळीतल्या चकल्यांच्या प्रकरणापासून कामापुरतंच बोलायची.

रामदास बारा वर्षं इच्छुक होता. दर निवडणुकीला त्याच्या नावापुढे चौकाचौकांत 'इच्छुक' लागायचं आणि तिकीट दुसऱ्याला जायचं. मंडईतले गाळेवाले त्याला तोंडावर 'इच्छुकराव' म्हणत. आज पहिल्यांदा पक्षाच्या साहेबांचा स्वतःहून फोन आला होता. साहेब फोनवर गहिवरले होते. म्हणाले, "रामदास, तुमच्या घराने पुण्यातून पहिलं बलिदान दिलं. संध्याकाळी मी स्वतः येतो. तिकिटाची काळजी करू नका." बलिदान हा शब्द ऐकल्यावर रामदासने 'नाही हो साहेब' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण साहेबांच्या पुढच्या वाक्यात तिकीट होतं, म्हणून त्याने तोंड तसंच मिटलं.

"फक्त संध्याकाळपर्यंत," तो आता म्हणाला. "साहेब येऊन जाईपर्यंत. मग मी स्वतः फ्लेक्स उतरवतो."

"संध्याकाळपर्यंत काय?" सुनीतीने विचारलं.

"आहे तसं राहू दे."

"माझा मुलगा मेलेला राहू दे?"

"वहिनी, तसं कुठेही लिहिलेलं नाही. दादाला विचारा."

सगळ्यांनी श्यामसुंदररावांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. "शब्दशः अर्थ घेतला तर तसा अर्थ निघत नाही. लोक चुकीचं वाचतायत. आता लोकांच्या अज्ञानापायी चांगला शब्द मागे घ्यायचा, हे तत्त्वतः…"

"अहो, तत्त्व राहू दे," सुनीती म्हणाली. "शब्द बरोबर आहे, लोक चुकले, मग माझं पोर काय जिवंत राहून चुकलं का?"

श्यामसुंदररावांनी चष्मा पुन्हा पुसला.

"मोठे काका, नंबर्स बघा ना," सलोनी फोनवर बोट फिरवत म्हणाली. "बाबांच्या पेजवर एवढे लोक कधीच आले नव्हते. सगळे लिहितायत, 'बदला हवा'. दादासाठी सगळं पुणं तारोआवर हल्ला करायला निघालंय, आणि दादा अजून इथेच आहे. म्हणजे टेक्निकली, आधी बदला आणि मग…" ती थांबली. 

"मला विचाराल तर करून टाकावी एकदाची कारवाई," कल्याणी म्हणाली. तिचा तारोआवर खरा राग होता. "माझ्या बायका घरी बसल्यात. इंडक्शनवर पोळ्या करून बघितल्या, पापड झाले. किती दिवस 'सर्व पर्याय खुले' म्हणत बसणार? दोन तोफा डागा, जहाजं सोडवा, गॅस आणा. विषय संपला."

"कारवाई म्हणजे आमोद," सुनीती म्हणाली.

"आमोद कशाला? नौदल जाईल की."

कल्याणी स्वतःच आमोदकडे बघत राहिली, आणि मग तिने सोफ्यावरची उशी उचलून उगाच झटकली.

"काकू, मला काही वाटत नाही," आमोद हसून म्हणाला. "म्हणजे वाटायचंच नसतं. सांगतील तिकडे जायचं."

"पण तारोआ आहे कुठे नेमकं?" रामदासने विचारलं. इतके दिवस तिथल्या कारवाईची मागणी करूनही हे त्याला माहीत नव्हतं. आप्पांचा जुना ॲटलास काढला. पासष्टच्या युद्धात आप्पांनी ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासला आणि तो शनिवार पेठेतली जागा सोडेपर्यंत खरवडला नाही, त्याच काळातला हा ॲटलास. तारोआ जिथे असायला हवं, तिथे आप्पांच्या चहाचा डाग होता. रामदासने डागावर नख घासून पाहिलं.

"त्या काळी नसेल," श्यामसुंदरराव म्हणाले.

"बेटं नंतर उगवतात का दादा?"

"मी भूगोल शिकवत नव्हतो."

खाली गेटाशी माणसं जमायला लागली होती. घोषणा सुरू झाल्या. गॅलरीतून पाहून रामदास आत आला आणि आमोदच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाळा, जरा गॅलरीत येऊ नकोस हं. आणि खिडकीपाशीही नको. आतल्या खोलीत बस, फॅन लाव."

लहानपणी याच आमोदला खांद्यावर बसवून रामदास सारसबागेत न्यायचा. आमोद रस्ताभर त्याचे कान धरून 'डावीकडे, उजवीकडे' असं सुकाणू चालवायचा. हे रामदासला आत्ता, नेमकं आत्ता आठवलं, आणि त्याला स्वतःचा राग आला. पण दुसरा फोन वाजला, म्हणून त्याने तो घेतला.

*

दुपारपर्यंत ओट्यावर जागा उरली नाही. पिठलं जमिनीवर मांडावं लागलं. सुनीतीने सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. भेटायला येणाऱ्यांना ती सांगून थकली.

"अहो, आमोद आत आहे. जेवतोय."

"हो हो," लोक म्हणायचे. "तो कायम तुमच्या जवळच असणार." एका बाईंनी तर तिला अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं. श्यामसुंदररावांनीही एका गृहस्थांना समजावून पाहिलं, की निरोप या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून मान हलवली.

"वहिनी," रामदास आत येऊन घाईने म्हणाला, "साहेब कात्रजपर्यंत आलेत. तुम्ही फक्त पलंगावर बसा, बोलायची गरज नाही. कल्याणी, तू पांढरी साडी नेस. तुझी ती कॉलेजच्या गॅदरिंगची असेल बघ."

कल्याणी सुनीतीच्या कपाटात पांढरी साडी शोधायला आली ती आतल्या खोलीत. आमोद पलंगाच्या पलीकडे, खिडकीतून दिसणार नाही असा, जमिनीवर मांडी घालून बसला होता. शेजारी बांधलेली बॅग. मांडीवर ताट. ताटात पिठलं-भात.

"काकू, हे तिसऱ्या पातेल्यातलं आहे. कुणी केलंय माहीत नाही, पण एक नंबर." त्याने ताट पुढे केलं. "अजून असेल तर थोडं वाढशील? वाटेत काही मिळणार नाही."

कल्याणी ताटाकडे पाहत राहिली. पोरगा स्वतःच्याच दुखवट्याचं जेवतोय आणि वर मागून घेतोय. तिने डाव आणला, वाढलं, तूप घातलं, पुन्हा वाढलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. सुनीती पातेल्यांकडे पाठ करून भिंतीला टेकून उभी होती.

"वहिनी," कल्याणी म्हणाली, "तुमची विळी कुठे आहे?"

"कशाला?"

"फ्लेक्स सुरीने कापला जात नाही. माझ्या केंद्राचा उतरवला होता तेव्हा बघितलंय."

सुनीतीने ओट्याखालून विळी काढली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच दोघी जावा एकमेकींकडे पाहून हसल्या. हसल्या म्हणजे, सुनीतीला रडूही येत होतं.

*

गेटापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. घोषणांची लय चांगली जमली होती. शाहिद शिडी घेऊन आला होता. सुनीतीने फोन करताच तो दुकान उघडं टाकून निघाला होता. पाठीवर बॅग घेऊन आमोद आईच्या मागे खाली उतरला. गर्दीत शिरायला लागला तर ए विंगच्या सर्जेरावांनी त्याला कोपराने बाजूला सारलं. "जरा सरक बाळा, माणसांना येऊ दे. आमोदच्या आईला वाट दे."

"मीच आमोद आहे, सर्जेरावकाका."

"आज आपण सगळेच आमोद आहोत," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी मूठ वर करून घोषणा दिली.

शाहिदने शिडी धरली. सुनीती चढली. साठीची बाई, गुडघ्यांनी तक्रार केली, पण तिने ऐकून घेतली नाही. कल्याणी मागोमाग दोन पायऱ्या चढून विळी वर देत होती. आधी लोकांना वाटलं, आई फोटोला हार घालतेय. मग टर्रर्र असा आवाज झाला आणि घोषणा एकदम बसल्या.

"वहिनी, अहो," गर्दीतून रामदास ओरडला. "साहेब बिबवेवाडी कॉर्नरला आलेत."

"येऊ देत," सुनीती शिडीवरून म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "हा माझा मुलगा. हा खाली बॅग घेऊन उभाय तो. जिवंत आहे. मला तो जिवंत हवाय. तुम्हाला कुठे कारवाई करायची ती करा, नाहीतर नका करू, मला त्यातलं कळत नाही. पण त्याला आत्तापासून मारू नका. मला सहन होत नाही."

आणि तिने दुसरी दोरी कापली. फ्लेक्स सळसळत खाली आला.

लोकांनी आमोदकडे पाहिलं. आमोदला काय करावं सुचेना, म्हणून त्याने नमस्कार केला. शेवटी सर्जेराव म्हणाले, "मग कारवाईचं काय?"

"आणि माझं पातेलं?" दीपमालाबाई म्हणाल्या.

"धुऊन देते," कल्याणी म्हणाली.

रामदासच्या डाव्या हातातला फोन वाजला. साहेबांच्या माणसाचा. रामदासने थोडा वेळ ऐकलं. "हो, आहे… नाही, म्हणजे जिवंत आहे… चुकून नाही हो, तो आधीपासूनच… बरं." त्याने फोन खिशात घातला. "गाडी वळवली. म्हणाले, जिवंत असेल तर मग आज वेळ नाही." बारा वर्षांचा इच्छुक गेटाला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग त्याने आमोदच्या पाठीवरची बॅग काढून घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "टॅक्सी कुठे उभी आहे? चल, डावीकडे का उजवीकडे?"

"उजवीकडे, काका," आमोद म्हणाला, आणि त्याने रामदासचा कान हळूच ओढला.

श्यामसुंदरराव सगळ्यांत शेवटी उतरले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खाली बघत, आणि म्हणूनच त्यांचा पाय अडला. जमिनीवर त्यांचंच वाक्य पसरलं होतं. फोनवर ते इवलंसं दिसलं होतं. इथे एकेक अक्षर वीतभर होतं. 'आम्हां सर्वांना सोडून.' अनुस्वार जागच्या जागी होता. त्यांनी चपला काढल्या. कशासाठी ते त्यांनाही कळलं नाही, पण त्या अक्षरांवरून चपला घालून त्यांना जाववेना. ते कडेकडेने, फ्लेक्सला वळसा घालून टॅक्सीपाशी पोचले. त्यांना रडू येत होतं, आणि चारचौघांत रडायची सवय नसल्यामुळे ते खोकले.

चौकातल्या चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता. प्रवक्ता सांगत होता, की सर्व पर्याय अद्याप खुले आहेत.

आमोदने काकूला नमस्कार केला, शाहिदला मिठी मारली. सुनीतीने त्याच्या हातावर दही घातलं, त्याने ते चाटलं. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडला. मग तो वडिलांपुढे वाकला, उठला, आणि लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे स्पष्ट उच्चारात म्हणाला, "बाबा, जातो."

"चूक," श्यामसुंदरराव म्हणाले.

"काय?"

"येतो म्हण."

आमोद गोंधळला. "बाबा, पण मी तर जातोय. तुम्हीच…"

"मला व्याकरण शिकवू नकोस. येतो म्हण."

सुनीतीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण त्या माणसाला अनवाणी, भर रस्त्यात, असा तिने कधी पाहिला नव्हता. तिने त्यांचा दंड धरला.

"येतो," आमोद म्हणाला.

"पुन्हा. शेवटचा ओ ऐकू आला नाही."